बिराजदार बाईंच्या दाढा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. दवाखान्याला सुट्टी, आणि मला बिराजदार बाईंचं कपाट रिकामं करायचंय. बाई काल संध्याकाळी दोहा सोडून गेल्या, कायमच्या. उद्यापासून त्यांच्या खोलीत डॉक्टर हिशाम बसणार, म्हणून मालकांनी मला आजच बोलावलं. दवाखान्याची व्यवस्था माझ्याकडे असते. व्यवस्था म्हणजे जे काम कुणाचंच नसतं ते सगळं.

कपाट उघडलं तर आत फळ्या भरभरून प्लास्टरचे जबडे. दात दुरुस्त करण्याआधी पेशंटच्या दातांचा साचा घेतात, त्यावरून हे जबडे होतात. ज्यांचं काम पूर्ण झालं त्यांचे फेकायचे, अर्धवट राहिलेल्यांचे ठेवायचे, एवढंच माझं काम. तासाभराचं होतं, पण अर्धा दिवस गेला. प्रत्येक जबड्याच्या तळाला बाईंनी पेन्सिलीनं नाव लिहिलंय आणि नावापुढे शेरा मारलाय. 'घाईनं गिळतो.' 'बर्फ चावते, कबूल करत नाही.' 'बायको समोर असली की डावीकडून, एकटा असला की दोन्हीकडून.' मी वाचत बसले. अर्ध्याहून जास्त लोक माझ्या ओळखीचे निघाले.

डॉक्टर कुसुम बिराजदार मूळच्या उदगीरच्या. उंची बेताची, आवाज अजिबात बेताचा नाही. भिंग लावलेला चष्मा कायम डोक्यावर चढवलेला. मॉलमध्ये भाजी घेतानाही तो तिथेच. बोलणं कुणाशीही उदगीरचंच. इंग्रजी बोलल्या तरी ते उदगीरहून निघालेलं वाटायचं. माणूस भेटला की आपण चेहरा बघतो, बाई जबडा बघायच्या. माझ्या नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी मला बिस्किटाचा पुडा पुढे केला. मला वाटलं, चांगली बाई आहे. त्या माझं चावणं बघत होत्या. मालकांना म्हणाल्या, "शांतपणे चावती. कामात गडबड करायची नाही. घ्या हिला." माझा नाशिकचा अनुभव, माझी कागदपत्रं, कुणी उघडूनही पाहिलं नाही.

बाईंचं खास काम म्हणजे झिजलेल्या दाढा. आमच्याकडे येणारे मराठी लोक बहुतेक तेल आणि गॅसमधले इंजिनिअर. दिवसभर साहेबासमोर गप्प बसायचं आणि रात्री झोपेत दात खायचे. वर्षानुवर्षं असे दात खाल्ले की दाढांचे उंचवटे जातात, पाट्यासारखी सपाट दाढ उरते, थंड पाणी लागायला लागतं, एक दिवस कोपरा उडतो आणि माणूस आमच्याकडे येतो. मग तो म्हणतो, "कॅप बसवून टाका."

कॅप हा शब्द ऐकला की बाईंचं डोकं फिरायचं. कॅप बसवायची म्हणजे दाढ चारी बाजूंनी तासून तिचा खुंट करायचा आणि वर टोपी घालायची. "जेवढं झिजलंय तेवढंच भरून द्यायचं," त्या म्हणायच्या. "राहिलेलं चांगलं आहे, त्याला मशीन कशाला लावायलाव?" त्या दाढेवर फक्त वरून सिरॅमिकचं पातळ आवरण चिकटवायच्या. त्याला त्या पापुद्रा म्हणायच्या. हातात घेतला तर आता मोडेल असं वाटायचं. पण एकदा दाढेला नीट चिकटला की दाढेचाच होऊन जायचा. चिकटवताना थुंकीचा थेंबही लागता कामा नये, हे त्यातलं कठीण.

पापुद्रे घातले की दाढांची उंची वाढते. ती तोंडाला मानवते का, हे बघायला बाई आधी काही आठवडे प्लास्टिकचे तात्पुरते पापुद्रे लावून द्यायच्या. आणि याच काळात त्या पेशंटच्या घरी जेवायला जायच्या. कुणी बोलवायची वाट न बघता. माझ्याकडून फोन करवायच्या, "मंगळवारी डॉक्टर तुमच्याकडे जेवायला येतील."

"खुर्चीत बसून माणूस चावतो ते खोटं," बाई सांगायच्या. "फोटो काढताना हसल्यासारखं असतं ते. खरं चावणं बघायचं तर त्याच्या घरी, त्याच्या ताटावर."

लोकांना वाटायचं, एकटी बाई आहे, घरच्या जेवणाला आसुसली असेल. बायका पुरणपोळ्या करायच्या. बाई पुरणपोळीकडे बघायच्याही नाहीत. "मऊ आहे. ह्याच्यात काय कळणार? कडक काही नाही का घरात?" आणि पर्समधून डबा काढायच्या. डब्यात उदगीरहून आलेली कडक भाकरी. ज्वारीची, पातळ, पापडासारखी वाळवलेली. ती पेशंटच्या ताटात ठेवून त्याच्या समोर बसायच्या, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि बघायच्या. पेशंटला घाम फुटायचा.

मदिनत खलीफा भागातल्या एका व्हिलात इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता. बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. एक गृहस्थ, मोठ्या कंपनीत बऱ्याच वरच्या हुद्द्यावर असलेले, ऐटीत चकली खात आले. बाईंनी हॉलच्या या टोकावरून विचारलं, "चकली सारखी डावीकडं का ढकलायलाव तुम्ही? उजवीकडं काय झालंय?" गृहस्थ म्हणाले, "काही नाही." बाई म्हणाल्या, "मग चावून दाखवा." सगळा हॉल बघायला लागला. त्यांनी चकली उजवीकडे घेतली, चावली आणि डोळ्यांत पाणी आलं. बायको म्हणाली, "अहो, मला वर्षभर सांगताय चकली तिखट झालीय!" तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात बाई दिसल्या की लोक भिंतीकडे तोंड करून खायचे.

लुसैलला टॉवरमध्ये राहणारा निनाद नावाचा मुलगा होता, पुण्याचा, वर्षभराच्या करारावर आलेला. पंचविशीतच दाढा साठीच्या. त्याच्याकडे मी बाईंबरोबर गेले होते. घरात ताट नव्हतं. फ्रिज उघडला तर एनर्जी ड्रिंकचे डबे आणि एक लिंबू. बाईंनी एकेक डबा काढून ओट्यावर मांडला.

"हे रोज पितोस?"

"मॅडम, नाईट कॉल्स असतात."

"दात खायला तुला झोप कशाला पाहिजे रे, हे ॲसिडच खायलंय." मग त्यांनी त्याच्या फोनवरून त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि पुण्यातल्या त्या बिचाऱ्या बाईला फ्रिज आतून दाखवला. निनाद इंग्रजीत "धिस इज नॉट ओके" म्हणत राहिला. पुढच्या आठवड्यात तो स्वतः मटकीची उसळ करून आमच्याकडे डबा घेऊन आला, दाखवायला.

डॉक्टर हिशाम कैरोचे. बाईंच्या शेजारच्या खोलीत बसायचे. हसरा माणूस, हात चलाख, काम झटपट. दाढ खराब दिसली की "यल्ला", म्हणजे चला, म्हणायचे, मशीन उचलायचे, आणि बघता बघता कॅपपुरता खुंट तयार. दोघं इंग्रजीत भांडायचे, मी मराठीत सांगते.

"या दोक्तोरा," ते अरबीत 'अहो डॉक्टर' अशी हाक मारायचे, "तुम्ही एका दाढेला महिना लावता. मी कापतो, टोपी घालतो, खलास."

"खलासच. दाढ खलास."

"माझ्या कॅप वर्षानुवर्षं टिकतात."

"कॅप टिकती रे. खालची दाढ कुठं टिकती?" मग माझ्याकडे वळून मराठीत, "वाटाणे सोलल्यासारखे दात सोलतो बघ हा. हाताला वळण आहे, डोक्याला नाही."

हिशाम मला विचारायचे, काय म्हणाली? मी सांगायचे, तुमच्या हाताचं कौतुक केलं. ते अर्धं खरंच होतं.

यंदा बाईंचा करार संपत आला. वय झालं होतं, नवा करार मिळणार नव्हता, त्यांनी मागितलाही नाही. "आता बास," म्हणाल्या. "उदगीरला घर बंद पडलंय." अडचण पेशंटची होती. कितीतरी जणांच्या तोंडात प्लास्टिकचे तात्पुरते पापुद्रे, पक्के सिरॅमिकचे अजून बसायचे. मालकांनी साधा निर्णय घेतला, सगळे हिशामकडे. बाईंचा चेहरा उतरला. हिशामकडे गेले की ते सगळं खरवडून काढणार, दाढा तासणार आणि कॅप घालणार, हे त्यांना दिसत होतं. इतकी वर्षं मशीनपासून वाचवलेल्या दाढा, बाई विमानात बसायच्या आत त्यांचे खुंट होणार.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की बाई स्वतः कडक भाकरी चहात बुडवून खातायत. मी विचारलं, "बाई, तुमच्या दाढांना काय झालं?"

"काय होणार?"

"मग बुडवून का खाताय?"

"चव लागती." आणि उठून गेल्या. तेव्हा मला जाणवलं की आमच्या दवाखान्यातल्या कुणीच बाईंचं तोंड आतून बघितलेलं नव्हतं. कुणाला बघू देतील, असं वाटतही नव्हतं.

दोन दिवसांनी बाई हिशामच्या खोलीत शिरल्या. मी कपाटाच्या किल्ल्या द्यायला तिथेच होते. त्या सरळ पेशंटच्या खुर्चीत बसल्या, मागे रेलल्या आणि तोंड उघडलं.

हिशामना वाटलं, चक्कर आली.

"बघायलास काय नुसता? दिवा लाव."

त्यांनी दिवा लावला, वाकून एकेक दाढ बघितली. मग हळू म्हणाले, "या दोक्तोरा, हे तर फुटबॉलचं मैदान आहे."

बाईंच्या मागच्या दाढा झिजून पार सपाट झाल्या होत्या. रात्री दात खाणाऱ्या सगळ्या इंजिनिअरांच्या वरताण.

बाई उठून बसल्या. "हे तू करायचं. मशीन न लावता. पापुद्रे. जमलं तर माझे सगळे पेशंट तुझे, मी स्वतः त्यांना सांगेन. नाही जमलं तर तेही सांगेन, आणि म्हणेन, भारतात जाऊन करून घ्या, इथं थांबू नका."

दारात मालक उभे होते. दवाखान्याची निम्मी गर्दी बाईंची होती. ते फक्त "डॉक्टर हिशाम, प्लीज," एवढंच म्हणाले.

साचा घेतला, तात्पुरते पापुद्रे लावायचा दिवस आला. नर्सनं बाईंच्या तोंडाजवळ जायला साफ नकार दिला, म्हणून थुंकी ओढायची नळी माझ्या हातात आली. बाईंनी पदराआड हातआरसा लपवून आणला होता. हिशाम वळले की आरसा वर, हिशाम परतले की खाली. शेवटी ते म्हणाले, "दोक्तोरा, आरसा."

"कोणता?"

हिशामनी हात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला. बाईंनी आरसा दिला. त्यांना कुणाचं ऐकताना मी पहिल्यांदाच बघितलं.

दहा-बारा दिवसांनी हिशाम माझ्याकडे आले. "नियम तोच ना? तात्पुरते बसवले की घरी जाऊन चावणं बघायचं?" मी बाईंना फोन केला, "गुरुवारी डॉक्टर तुमच्याकडे जेवायला येतील." त्या म्हणाल्या, "येऊ दे. तू पण ये. एकटा घाबरंल."

बाईंचा छोटा फ्लॅट मदिनत खलीफातच. बाईंनी भरली वांगी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कडक भाकरीची चळत मांडली होती. पानं दोनच. हिशामनी विचारलं, "तुमचं?"

"आधी तुम्ही जेवा. मी मागून बसते."

आम्ही बसलो. बाई वाढत राहिल्या. हिशामना वाटलं, एकदा ताट संपवलं की ही बसेल. त्यांनी भराभर संपवलं. संपलेलं ताट बघून बाईंनी पुन्हा भरलं. पाहुण्यानं टाकणं बरं दिसत नाही म्हणून ते पुन्हा खाऊ लागले. त्यांच्याकडेही असंच असतं म्हणे, यजमान वाढतो आणि पाहुणा मरतो. तिसऱ्या वांग्याला त्यांनी पट्टा सैल केला आणि माझ्या कानाशी आले.

"ही जेवणार कधी?"

"आपण उठल्यावर."

"मग मी उठतो."

"तुम्ही उठलात की त्या आवरायला घेतील. आपण गेल्यावर जेवतील."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हा सगळा कट मी रचलाय. बाई तेवढ्यात म्हणाल्या, "डाळ घे की थोडी." तेव्हा मला कळलं. बाई मुद्दाम करत नव्हत्या. जन्मात त्या पाहुण्यांच्या आधी जेवल्या नव्हत्या. दुसऱ्यांच्या घरी जेवणारांवर नजर ठेवणाऱ्या या बाईंवर त्यांच्या स्वतःच्या घरात नजर ठेवायची सोयच नव्हती.

हिशाम उठले. बाईंच्या हातातला चमचा काढून घेतला, खांदे धरून त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि नवीन ताट घेतलं. "आज मी वाढतो." ताटाच्या मधोमध चटणीचा डोंगर केला, त्याच्यावर वांगं, वांग्यावर दही.

"चटणी डावीकडं वाढतात रे," बाई कळवळून म्हणाल्या. पण बसल्या. मग भाकरी घेतली, डाळीत चुरली, बोटांनी मऊ केली आणि गिळली. हिशामनी डाळीची वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली आणि कोरड्या भाकरीचा तुकडा बाईंच्या हातात दिला. स्वतः गुडघ्यावर बसले, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवली आणि शेजारून बाईंचा जबडा बघायला लागले. बाईंनी तुकडा तोंडात टाकला. जीभ तो डावीकडे नेत होती. हिशामनी दुसरा दिला. तोही डावीकडे.

"उजवीकडची सगळ्यात मागची दाढ उंच झालीय," हिशाम खालूनच म्हणाले. "किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून."

"सांगितलं का नाही?"

"पेशंट सांगतो होय? पेशंट म्हणतो, छान आहे डॉक्टर. शोधायचं तू."

"म्हणजे परीक्षा होती?"

"मग काय जेवण होतं?"

हिशाम उठले, हसले, पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवणही होतं. अल्हम्दुलिल्लाह, खलास." परत येताना मला मात्र वाटत राहिलं, ती निम्मीच परीक्षा होती. बाईंना ओट्याजवळ उजवा गाल दाबून धरताना मी बघितलं होतं. त्यांना दुखत होतं, आणि दुखतंय म्हणून कुणाला सांगायची सवय त्यांना नव्हती.

शनिवारी हिशामनी निळा कागद चावायला देऊन देऊन, डाग उमटेल तिथलं प्लास्टिक हातानंच घासून ती दाढ नीट केली. मग सिरॅमिकचे पापुद्रे आले. बसवायच्या दिवशी त्यांनी बाईंच्या तोंडात रबराचा पडदा ताणला, म्हणजे दाढा तेवढ्या बाहेर, जीभ आणि थुंकी आत. अर्थात बोलणंही आत. बाई "अं, आं" करायला लागल्या की हिशाम मला विचारायचे. मी सांगायचे, "कोरडं नाही म्हणतायत." ते पुन्हा वाळवायचे. पुन्हा "अं, आं", पुन्हा "कोरडं नाही", पुन्हा वाळवणं. पडदा काढल्यावर बाई म्हणाल्या, "अगं, पायाला मुंग्या आल्यात म्हणून सांगायलते कवापासून." मी ते हिशामना सांगितलं, तर त्यांनी माझेच आभार मानले, "शुक्रन, मीनल. इतकी कोरडी दाढ मी आयुष्यात बघितली नाही." मशीन त्यांनी शेवटपर्यंत हातात घेतलं नाही. एकदा सवयीनं हात तिकडे गेला होता, तो त्यांनी खिशात घातला.

मग बाईंनी पर्समधून डबा काढला. कडक भाकरीचा चांगला मोठा तुकडा तोडला आणि उजवीकडे घेतला. खोलीत कट्ट असा आवाज झाला. मालक दारात, नर्स खिडकीशी, हिशाम हात धुऊन ओले तसेच उभे. बाई चावत राहिल्या, मग डावीकडे, मग दोन्हीकडे, डोळे छताकडे. बराच वेळ लावला. हिशामच्या कपाळावर घाम आला होता.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.

हिशामनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नाही."

काल संध्याकाळी आम्ही सगळे त्यांना सोडायला खाली उतरलो. मालकांनी दोन वाक्यांचं भाषण केलं. हिशामनी सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, भाजलेल्या काजू-बदामांची मोठी पिशवी आणली होती. बाई गाडीत बसल्या, काच खाली केली, पिशवी फोडली आणि मूठभर तोंडात टाकले. आता काहीतरी सूचना देतील म्हणून आम्ही थांबलो. पण तोंड भरलेलं होतं आणि त्यांना बोलण्यापेक्षा चावण्यात जास्त रस होता. ड्रायव्हरला हातानं निघायला सांगितलं. गाडी वळली तेव्हा मला त्यांचे गाल दिसले, दोन्ही बाजूंनी जोरात हलणारे.

इथपर्यंत काल लिहिलं. आज शनिवारी सकाळी दवाखाना उघडला, खोलीच्या दारावर हिशामची पाटी लावली आणि बाईंच्या ज्या पेशंटना त्यांनी स्वतः सांगायचं राहिलं होतं, त्यांना फोन करायला बसले. पहिला फोन एका इंजिनिअरच्या बायकोनं उचलला.

"बिराजदार मॅडम गेल्या? मग आमचे हे कुणाकडे? त्या कॅपवाल्या इजिप्शियनकडे? नको हो ताई, तो दात तासतो म्हणतात."

"तासत होता," मी म्हटलं. "आता बाईंनी त्याला स्वतःच्या दाढांवर तपासून घेतलंय. सोमवारी सहाला पाठवा त्यांना."